गाभणपणातला नेमका दिवस: पशुवैद्यकातून मेंदूच्या जडणघडणीच्या संशोधनाकडे कसं जायचं

मेंढीच्या गर्भाला ५० ते ५८ दिवसांच्या वयात ब्ल्यूटंगचा, म्हणजे नीलजिव्हा रोगाचा, सौम्य केलेला लसविषाणू टोचला की जन्मणाऱ्या कोकराच्या मोठ्या मेंदूच्या जागी पाण्याने भरलेली पातळ पिशवी सापडते. तोच विषाणू ७५ ते ७८व्या दिवशी टोचला तर मेंदू तयार होतो, पण त्यात पोकळ्या राहतात. १००व्या दिवसाच्या आसपास टोचला तर किरकोळ दाहाच्या खुणा दिसतात आणि रचना जवळपास शाबूत असते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे पशुवैद्यकांनी हे प्रयोग केले. विषाणू एकच, जनावरही एकच. बदलला तो फक्त दिवस. ज्या पेशींपासून पुढे चेतापेशी व्हायच्या, त्या विभाजित होत असतानाच विषाणूने गाठल्या तर पुढचं सगळं बांधकामच राहून जातं.

डेव्हलपमेंटल न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूच्या जडणघडणीचं शास्त्र, ‘कोणत्या दिवशी?’ या प्रश्नावर उभं आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या ज्या विद्यार्थ्याला पशुवैद्यक शिकून या संशोधनात जायचं आहे, त्याने हा प्रश्न पहिल्या वर्षापासून विचारायची सवय लावावी. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. सुरुवातीला उबवणीची अंडी आणि जन्मतः अडखळणारी कोकरं पुरतात, आणि ही दोन्ही आपल्या भागात आहेत.

पशुवैद्यकाने या शास्त्राला काय दिलं ते आधी माहीत असावं, म्हणजे पुढे मुलाखतीत ‘जनावरांचा डॉक्टर मेंदूच्या संशोधनात कशाला?’ असं कुणी विचारलं तर उत्तर तयार राहतं. अमेरिकेत आयडाहो भागात १९५०च्या दशकात एकाच डोळ्याची कोकरं जन्मू लागली. कारण निघालं व्हेराट्रम कॅलिफोर्निकम नावाची डोंगरी वनस्पती. मेंढीने ती गाभणपणाच्या १४व्या दिवशी खाल्ली तर गर्भाचा पुढचा मेंदू दोन भागांत विभागला जात नाही. त्या वनस्पतीतल्या द्रव्याला सायक्लोपामिन नाव मिळालं. ते सॉनिक हेजहॉग या वाढ घडवणाऱ्या संदेशमार्गाला अडवतं हे १९९८मध्ये कळलं, आणि त्याच मार्गाला अडवणारं व्हिस्मोडेगिब हे त्वचेच्या कर्करोगावरचं औषध २०१२मध्ये मंजूर झालं. मांजरांत पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू गर्भात किंवा जन्मानंतर लगेच लागला की लहान मेंदू खुरटतो, हेही पशुवैद्यकांनीच उलगडलं.

आणखी एक गोष्ट पशुवैद्यकाला आपसूक कळलेली असते. कोकरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहतं, उंदराचं पिल्लू मात्र डोळे मिटलेलं, केस नसलेलं येतं. मेंढीत मेंदूच्या वाढीचा मोठा झपाटा जन्माआधीच उरकतो, उंदरात तो जन्मानंतर येतो, माणसात जन्माच्या आगेमागे. उंदरावरचा निष्कर्ष माणसाला लावताना हा फरक विसरला की चूक होते. अनेक जाती हाताळलेल्या माणसाच्या ती लवकर ध्यानात येते.

पीयूसी आणि प्रवेश

मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावी, झालेल्या मुलांना पहिली ठेच परिभाषेची लागते. शाळेत चेतापेशी, ऊती, गर्भावरण असं शिकून पीयूसीत, म्हणजे अकरावी-बारावीत, एकदम न्यूरॉन, टिश्यू, ॲम्निऑन समोर येतात. केसीईटीची, म्हणजे कर्नाटकच्या सामायिक प्रवेश परीक्षेची, प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि कन्नडमध्ये असते. म्हणून नववीपासून दोन रकान्यांची वही ठेवा, एकीकडे मराठी शब्द आणि दुसरीकडे इंग्रजी. कन्नडची बोलीही पक्की करा. पुढे दवाखान्यातल्या नोंदवह्या, अर्ज आणि निम्मे पशुपालक कन्नडच असतात.

कर्नाटकातल्या राज्याच्या जागा केसीईटीच्या क्रमांकावर कर्नाटक परीक्षा प्राधिकरण भरतं. पशुवैद्यक परिषदेच्या अखिल भारतीय कोट्यातल्या जागा (एकूण जागांच्या १५ टक्के) नीटच्या गुणांवर भरल्या जातात. दोन्ही परीक्षा द्या. पात्रतेत साधारणपणे पहिली ते दुसरी पीयूसी यांपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिकल्याची अट असते, आणि एसएसएलसी किंवा पीयूसी इथून उत्तीर्ण झालेली असावी लागते. निपाणीकडची बरीच मुलं अकरावी-बारावीला कोल्हापूरकडे जातात. त्यांनी ही सात वर्षं आधीच मोजून, शाळेचे दाखले गोळा करून ठेवावेत. वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठीभाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत ‘एमकेबी’ (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) नावाची वेगळी तरतूद असते. ती त्या वर्षी पशुवैद्यकाला लागू आहे का, हे माहितीपत्रकातच पाहा, ऐकीव माहितीवर विसंबू नका.

महाविद्यालय जवळचं हवं असेल तर अथणी तालुक्यात कोकटनूरला आहे, पुढे गदग. जुनं आणि मोठं म्हणजे बेंगळूरचं हेब्बाळ. महाराष्ट्राकडे शिरवळ आणि मुंबईत परळ. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असतो, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. गर्भशास्त्र शरीररचनेच्या विषयात येतं आणि बहुतेक मुलं ते पाठ करून सोडून देतात. तुम्ही तिथेच थांबायचं आहे.

अंड्यावरचा पहिला धडा

कोंबडीच्या गर्भावर हे शास्त्र उभं राहिलं. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुरीनमध्ये घरातल्या खोलीत कोंबडीच्या गर्भावर काम केलं. पुढे चेतापेशींना जगवणाऱ्या नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच्या शोधासाठी त्यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६चं नोबेल मिळालं. कोंबडीच्या गर्भाच्या ४६ अवस्थांची यादी हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१मध्ये दिली. ती आजही तशीच वापरतात. तिची छापील प्रत उबवणी यंत्राशेजारी भिंतीवर लावा.

सुरू करण्याआधी विभागप्रमुखांना विचारा आणि महाविद्यालयाच्या प्राणी नीतिसमितीला लेखी कळवा. परवानगी लागते की नाही हे समितीने ठरवायचं, विद्यार्थ्याने नव्हे. पहिला धडा पाच दिवसांच्या आतल्या गर्भापुरताच ठेवा.

दुकानातलं अंडं चालत नाही, ते फळलेलं नसतं. कोंबडा कळपात असलेल्या गावठी कोंबड्यांची किंवा हॅचरीची अंडी घ्या, कमीत कमी दोन डझन. धुऊ नका, धुतल्याने कवचावरचा राखणारा थर जातो आणि जंतू आत शिरतात. १३ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवली तर आठवडाभर चालतात. एप्रिल-मेमध्ये गावातून मोटारसायकलवर आणलेली अंडी वाटेतच अर्धवट वाढायला लागतात. मग एकाच वेळी यंत्रात ठेवलेली अंडी उघडल्यावर कुणी पुढे, कुणी मागे अशी निघतात आणि तुमचा सगळा हिशेब बिघडतो. त्या दिवसांत थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि अंडी यांच्यामध्ये कागदाचा जाड थर घालून आणा.

यंत्राचं तापमान ३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के. अंडी आडवी ठेवा आणि वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. आडवं ठेवल्याने गर्भ त्या खुणेखाली येऊन थांबतो. यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास टाकू नका, अंड्यांच्या उंचीवर वेगळा थर्मामीटर ठेवा. वीज जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. तो नसेल तर यंत्रात पाण्याच्या भरलेल्या दोन-तीन बाटल्या ठेवा, त्या उष्णता धरून ठेवतात. तापमान ४० अंशांवर गेलं तर गर्भात विकृती येतात. ३६ला राहिलं तर वाढ रेंगाळते आणि पुढे एखाद्या औषधाचा गर्भावरचा परिणाम तपासत असाल तर तुम्हाला वाटतं की औषधाने वाढ रोखली.

मेंदूचे तीन मूळ फुगवटे पाहायचे असतील तर त्या यादीतली दहावी अवस्था गाठायची, म्हणजे ३३ ते ३८ तास. शुक्रवारी सकाळी ६ला अंडी ठेवली तर शनिवारी संध्याकाळी ६ला ३६ तास होतात. चेतानलिकेच्या, म्हणजे जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू होतात त्या नळीच्या, कडा मध्यमेंदूपाशी जुळताना पाहायच्या असतील तर आठवी अवस्था, २६ ते २९ तास. वय तासांनी लिहा, पण अवस्था नेहमी सोमाइट, म्हणजे पाठीच्या कण्याशेजारचे ठोकळे, मोजून ठरवा. दहाव्या अवस्थेला त्यांच्या दहा जोड्या असतात. तास फसवतात, सोमाइट फसवत नाहीत.

उघडण्याची रीत अशी. कवच ७० टक्के अल्कोहोलने पुसून वाळू द्या. बोथट टोकाला बारीक भोक पाडून १८ गेजची सुई खाली झुकवून आत घाला आणि ३ मिलि पांढरा बलक हळू ओढून घ्या. सुई वर वळली तर पिवळा बलक फुटतो आणि ते अंडं गेलंच. बलक काढल्याने गर्भ कवचापासून खाली उतरतो, नाहीतर कात्री थेट त्यावर येते. भोकावर चिकटपट्टी लावा. वरच्या खुणेवरही चिकटपट्टी लावून बाकदार टोकाच्या बारीक कात्रीने सुमारे २ सेंटिमीटरची खिडकी कापा. पट्टीमुळे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत.

या वयात गर्भ जवळजवळ पारदर्शक असतो. इंडियन इंक एकास दहा या प्रमाणात सलाइनमध्ये मिसळून बारीक सुईने गर्भचकतीच्या खाली सोडा, म्हणजे काळ्या पडद्यावर तो उठून दिसतो. काही शाईंमध्ये लाख किंवा फिनॉल असतं आणि ते गर्भ मारतं. म्हणून नवी बाटली आणली की आधी दोन अंड्यांवर पाहा. सलाइन माणसाचं वापरू नका. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम क्लोराइड ७.२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम आणि निर्जल कॅल्शियम क्लोराइड ०.१७ ग्रॅम, पीएच ७.४.

गर्भ बाहेर काढायचा असेल तर फिल्टर पेपरच्या चौकोनाला मध्ये सुमारे एक सेंटिमीटरचं भोक पाडा, गर्भ भोकात येईल असा कागद वर ठेवा, कागदाबाहेरून पडदा कापा आणि कागदासकट उचला. सलाइनच्या बशीत पिवळा बलक धुऊन ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ४ अंशांना रात्रभर ठेवा.

इथे एक चूक हमखास होते. लवकरच्या वयात खिडकी पाडण्यानेच काही गर्भांत चेतानलिका उघडी राहते. म्हणून ज्यांना औषध द्यायचं नाही त्या अंड्यांनाही तशीच खिडकी पाडा आणि तेवढंच सलाइन द्या. न उघडलेल्या अंड्यांशी केलेली तुलना काही सांगत नाही. एकही गर्भ दिसला नाही तर मरतूक धरू नका. फळलेल्या अंड्यात गोल कडा असलेली चकती दिसते, न फळलेल्यात छोटा वेडावाकडा पांढरा ठिपका. दोन्ही वेगळे मोजा.

गोठ्यात आणि कळपात

इंटर्नशिपमध्ये आणि नोकरीत जन्मतः विचित्र चालणारं कोकरू तुमच्यापुढे येणारच. त्याचा नमुना कसा घ्यायचा हे ज्याला येतं त्याच्याजवळ असं काही असतं, जे महानगरातल्या संशोधकाला सहज मिळत नाही. घरची मंडळी असं कोकरू अपशकुन म्हणून लवकर पुरून टाकतात, म्हणून निरोप मिळाला की त्याच दिवशी जा. आणि कापाकापीआधी मालकाची परवानगी घ्या, कशासाठी हवं ते त्याच्या भाषेत सांगून.

जिवंत कोकराचं आधी तापमान घ्या. निरोगी कोकराचं ३९ ते ४० अंश असतं. ३७च्या खाली असेल तर ते थंडीने आणि भुकेने मलूल आहे, मेंदू बिघडलेला असेलच असं नाही. पाच तासांहून मोठं असेल तर ऊब देण्याआधी २० टक्के ग्लुकोज, शरीराच्या तापमानाला आणलेलं, किलोमागे १० मिलि पोटाच्या पोकळीत द्या. साखर न देता ऊब दिली तर झटके येऊन मरतं. सावरून दूध प्यायला लागलं तर तुमचा ‘मेंदूचा रोगी’ बरा झाला, आणि नोंदवहीत खोटी केस गेली नाही.

मग लांबून पाहा. उभं राहतं, चालतं, पण सड शोधत नाही, भिंतीला धडकतं आणि मंद वाटतं, तर मोठ्या मेंदूचा दोष संभवतो. तल्लख आहे, चोखतं छान, पण मागचे पाय लटपटतात, तर तांब्याच्या कमतरतेचा स्वेबॅक मनात आणा. यात यकृताचा नमुना लागतो. हे काही कोकरांत जन्मानंतर आठवड्यांनी उघड होतं, त्यामुळे जन्माच्या वेळी बरं होतं असं मालकाने सांगितलं तरी ते सोडू नका. सडाकडे तोंड नेताना डोकं थरथरतं तर लहान मेंदू तपासा. आंधळं वासरू, बुबुळं विस्फारलेली, आणि गाय महिनोनमहिने नुसत्या कडब्यावर, तर अ जीवनसत्त्वाची उणीव: हाड जाड होऊन दृष्टिचेता जाते तो मार्ग आवळला जातो. डोळ्यांसमोर हात झटकून पापणी मिटते का हे पाहू नका, नवजात वासरा-कोकरांत ही प्रतिक्रिया अजून आलेलीच नसते आणि निरोगी पिल्लूही आंधळं ठरतं. टॉर्चने बुबुळ आकसतं का ते पाहा.

सगळ्यात मोलाचा नमुना पहिल्या काही मिनिटांतच मिळतो: चीक पाजण्याआधीचं रक्त, २ ते ३ मिलि, साध्या नळीत. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या वारेतून आईची प्रतिद्रव्यं पिल्लाला जात नाहीत. म्हणून चिकाआधीच्या रक्तात एखाद्या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली तर ती गर्भानेच तयार केली, म्हणजे संसर्ग पोटातच झाला. चीक पाजल्यानंतर हाच नमुना निरुपयोगी. रक्त घेतलं की चीक लगेच पाजा. आईचंही रक्त घ्या.

मेलेलं किंवा गाभडलेलं पिल्लू हाताळताना दोन हातमोजे, मास्क, चष्मा आणि गमबूट. ब्रुसेल्ला आणि क्यू फीव्हर याच वाटेने माणसाला लागतात. गरोदर बाईला जवळ येऊ देऊ नका. काम झालं की उरलेलं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.

नवजात मेंदूत पाणी जास्त आणि चेतातंतूंवरचं चरबीचं वेष्टन कमी असतं, त्यामुळे तो दह्यासारखा हातात फुटतो. घाईने बाहेर ओढू नका. कवटी मऊ असते, मजबूत कात्रीने कडेकडेने कापून टोपी उघडा आणि मेंदूच्या आवरणातल्या पाण्याचा रंग, प्रमाण लिहा. ते एकदा सांडलं की परत मोजता येत नाही. फोटो मापपट्टी ठेवून काढा. मोठ्या मेंदूचा आणि लहान मेंदूचा छोटा तुकडा, प्लीहेचा तुकडा आणि वारेचा तुकडा स्वच्छ डब्यांत बर्फावर, विषाणू तपासणीसाठी. यकृताचे १० ते २० ग्रॅम वेगळ्या पिशवीत, फॉर्मॅलिन न लावता गोठवून, तांब्यासाठी. बाकी मेंदू डोक्यासकट एक दिवस फॉर्मॅलिनमध्ये बुडवा, थोडा घट्ट झाला की काढा आणि नव्या फॉर्मॅलिनमध्ये एक ते दोन आठवडे ठेवा. पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू मानेची आणि कमरेची, दोन्ही घ्या.

फॉर्मॅलिन नमुन्याच्या १० ते २० पट असावं, आणि बफर घातलेलं: बाजारातलं फॉर्मॅलिन १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. बफर नसेल तर रक्तातून काळपट रंगद्रव्य बसतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सगळीकडे ठिपके दिसतात. आधी गोठवून मग फॉर्मॅलिनमध्ये टाकलेला मेंदू बर्फाच्या स्फटिकांनी जाळीदार होतो आणि ती जाळी रोगाची समजली जाते. अरुंद तोंडाची बाटली टाळा, आत मऊ गेलेला मेंदू घट्ट झाल्यावर बाहेर येत नाही.

आता दिवसाचा हिशेब. मेंढीचा गाभणकाळ सरासरी १५० दिवस, पाच-एक दिवस इकडे तिकडे. २० जानेवारीला पूर्ण दिवसांचं कोकरू जन्मलं तर गर्भधारणा २३ ऑगस्टच्या सुमाराची, आणि ५० ते ५८वा दिवस म्हणजे १२ ते २० ऑक्टोबर. पाऊस सरताना, दसऱ्याच्या आगेमागे, ब्ल्यूटंग पसरवणारी क्युलिकॉइड्स जातीची बारीक चिलटं भरपूर असतात. त्या आठवड्यात कळपात ताप, तोंड सुजणं, लंगडणं होतं का हे विचारायचं. धनगर अण्णांना तारीख विचारून उपयोग नाही. ‘बेंदराला मेंढरं कुठं होती? दसऱ्याला? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला?’ असं विचारलं की चारा, मुक्काम आणि आजारपण तिन्ही बिनचूक येतात. मुक्काम बदलला असेल तर गावाचं नाव लिहा, कारण चिलटं आणि जमिनीतलं तांबं दोन्ही गावागणिक बदलतात. गाभडलेल्या पिल्लाचं वय असं मोजता येत नाही. त्याची डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्या.

नमुने पाठवण्याआधी प्रयोगशाळेला फोन करा. बेंगळूरला हेब्बाळची पशुआरोग्य संस्था आणि यलहंकाची आयसीएआर-निवेदी ही जनावरांच्या साथरोगांची राष्ट्रीय संस्था या दोन जागा या कामाच्या आहेत. बर्फाचा डबा शुक्रवारी बसने पाठवू नका, तो रविवारभर डेपोत पडून राहतो.

आकड्यांची शिस्त

एका कुत्रीची सहा पिल्लं म्हणजे सहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. आई एक, गर्भाशय एक, आजार एक. जडणघडणीच्या संशोधनात मोजणीचं एकक वेत असतं, पिल्लू नसतं. सहा पिल्लांना सहा धरून काढलेला निष्कर्ष चांगल्या नियतकालिकात परत येतो आणि तो परत यायलाच हवा. जुळ्या कोकरांचं तेच. अंड्यांत एका दिवसाची खेप हे एकक धरून किमान तीन खेपा करा. कोणत्या काचपट्टीवर औषध दिलेला गर्भ आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसावं, मित्राकडून पट्ट्यांवर आकडे टाकून घ्या. मोजणीला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं, सांख्यिकीला ‘आर’ हे तसंच मोफत सॉफ्टवेअर.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या कापांना द्यायच्या रंगांत तीन शिका. रोजच्यासाठी हिमॅटॉक्सिलिन-इओसिन, चेतापेशी दाखवायला ०.१ टक्के क्रेसिल व्हायोलेट, चेतातंतूंच्या वेष्टनासाठी लक्सॉल फास्ट ब्लू. स्वेबॅकमध्ये शेवटचाच कामाला येतो.

पदवीनंतर

एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षांची. शरीररचना, विकृतिशास्त्र, शरीरक्रिया किंवा पशुजैवतंत्रज्ञान यांपैकी काहीही चालतं. विभागाच्या नावापेक्षा तिथे चालू स्थितीतला मायक्रोटोम, म्हणजे ऊतीचे पातळ काप करणारं यंत्र, आणि रोज बसणारा मार्गदर्शक आहे का ते पाहा. परवानाधारक कत्तलखान्यातून मिळालेल्या शेळीच्या गर्भांवर लहान मेंदूच्या थरांची वाढ मोजणं हा दोन वर्षांत उरकणारा आणि पुढे उपयोगी पडणारा विषय आहे. फार मोठा विषय घेऊन अर्धवट सोडण्यात अर्थ नाही.

एमव्हीएससी न करता थेट पीएचडीचाही रस्ता आहे. मुंबईची टीआयएफआर आणि बेंगळूरची एनसीबीएस या संशोधन संस्था जीवशास्त्रासाठी जी सामायिक परीक्षा घेतात तिला बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाचे, पदवीधर बसू शकतात. टीआयएफआरमध्ये शुभा टोळे यांच्या गटाने एलएचएक्स-२ हे जनुक भ्रूणाच्या पेशींना मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, बनण्याची ओळख देतं हे दाखवलं. पशुवैद्यकाने हे काम जरूर वाचावं, कारण पेशीची ओळख ठरवण्याची मुदत कशी ठरावीक असते ते त्यातून कळतं. हरियाणात मानेसरचं एनबीआरसी हे मेंदू संशोधन केंद्र, बेंगळूरचं आयआयएससी आणि मेंदूपेढी असलेलं निम्हान्स या आणखी जागा. जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३पासूनच्या दराने महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्ती, झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. घरची म्हैस विकून शिकायची वेळ यात येत नाही, हे घरच्यांना आकड्यांसकट सांगा.

पशुवैद्यक परिषदेतली नोंदणी चालू ठेवा. प्रयोगप्राण्यांची काळजी घेणारा नोंदणीकृत पशुवैद्यक प्रत्येक मोठ्या संस्थेला लागतो. संशोधनात जम बसेपर्यंत ती नोकरी आधार देते, आणि तिथे बसून भूल, वेदना आणि प्रजनन यांबद्दल तुम्ही जे सांगता ते इतरांना येत नसतं.

विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप तिसऱ्या वर्षापासून मागा. अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला भरावे लागतात, म्हणून ऑगस्टपासून तयारी. प्रयोगशाळाप्रमुखाला पत्र लिहाल तेव्हा ते २०० शब्दांत असू द्या. ‘मला मेंदूत रस आहे’ असं लिहिलेली पत्रं त्यांना रोज येतात. त्यांच्या एका लेखातली एक आकृती घ्या, त्यात तुम्हाला पडलेला एक प्रश्न लिहा, आणि सोबत एकाच पानाची केसनोंद जोडा: कोकराची जन्मतारीख, मागे मोजलेला दिवस, त्या आठवड्यातला मुक्काम आणि चारा, चिकाआधीच्या रक्ताचा निकाल, मापपट्टीसह मेंदूचा फोटो. फोटोची फाइल २ एमबीच्या आत ठेवा, आणि दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवा.